केगेलचा डायल कुठे गेला?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मधेच आलेले 'अं' आणि खोकले काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

फोन हातात आहेच, तर एक काम करा. ॲप स्टोअर उघडा आणि 'केगेल' असं टाइप करा. ढीगभर ॲप्स येतील. जवळपास सगळ्यांचं काम एकच: फोन थरथरला की स्नायू आवळा, पाच सेकंद धरा, सोडा, पुन्हा आवळा. शेवटी हिरवी टिकमार्क आणि 'शाब्बास'.

आता विचार करा, या ॲपला काय कळलं? तुम्ही खरंच योग्य स्नायू आवळला का? की पोट आत घेतलंत? की श्वास रोखून खाली जोर दिलात? ॲपला काहीच माहीत नसतं. ते फक्त घड्याळ बघतं. मी दिवसभर कोड लिहिते, म्हणून मला हे जास्तच खुपतं. आउटपुट न बघता टेस्ट पास झाली असं जाहीर करण्यातला प्रकार आहे हा. आणि गंमत अशी, की ज्या माणसाचं नाव या ॲप्सना दिलंय, त्याने मुळात शोधून काढली होती ती मोजण्याची वस्तू. व्यायाम त्याच्या आधीही होता. आजची गोष्ट त्या वस्तूची, आणि ती हरवल्यामुळे काय झालं त्याची.

आधी थोडं शरीर. विषय लाजेचा वाटतो, पण दोन मिनिटं धीर धरा. ओटीपोटाच्या हाडांचं कडं असतं ना, त्याला खालून बूड नाही. ते बूड स्नायूंचं आहे. पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळी बांधावी तसे हे स्नायू बांधलेले असतात. त्यांनाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गुदाशय आणि बायकांच्या बाबतीत गर्भाशय, सगळ्याचा भार या झोळीवर. लघवी आणि शौच धरून ठेवणं आणि वेळ आली की सोडणं, हे काम तिचंच. पुरुषांनाही ही झोळी असते. हे वेगळं सांगावं लागतं, कारण बऱ्याच मुलांना हा 'बायकांचा विषय' वाटतो.

झोळी सैल पडली तर शिंकताना, हसताना, जिना उतरताना लघवीचे थेंब जातात. किंवा आपल्याकडे बायका दबक्या आवाजात 'अंग बाहेर येतं' म्हणतात, ते होतं. आणि झोळी सतत ताणलेली राहिली तर वेदना होतात. बसताना, शौचाला, संबंधाच्या वेळी, लघवीनंतर. म्हणजे एकच स्नायू, पण तक्रारी दोन उलट दिशांच्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. सुरुवात स्टॉकहोमपासून करावी लागते. तिथे १८१३ साली पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायामशास्त्राची एक संस्था काढली होती. त्या परंपरेतला थूरे ब्रांट नावाचा लष्करी मेजर, डॉक्टर नव्हे, गर्भाशय खाली सरकलेल्या बायकांवर मसाज आणि व्यायामाने उपचार करायचा. डॉक्टर मंडळी साहजिकच नाकं मुरडायची. शेवटी १८८६ च्या सुमारास जर्मनीतल्या येना इथल्या प्राध्यापक शुल्ट्झे यांच्या क्लिनिकमध्ये त्याने आपली पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवली. ती युरोपभर गाजली, तिच्यावर टीकाही झाली. आजच्या नजरेने त्यातलं बरंच काही पटणार नाही. पण 'हा प्रश्न हातांनी आणि व्यायामाने सुटू शकतो' हा विचार तिथे दिसतो.

तिथून लंडन. १८९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने इशारा दिला की मसाजच्या नावाखाली शहरात भलतेच धंदे चाललेत. त्यावर चार नर्स-सुईणींनी एकत्र येऊन प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. नियम कडक: डॉक्टरने सांगितल्याशिवाय मसाज नाही, पुरुषांना सरसकट मसाज नाही. आज ब्रिटनची जी फिजिओथेरपीची अधिकृत संस्था आहे, तिचं मूळ हे. म्हणजे हा पेशाच मुळी 'आम्ही सभ्य आहोत हो' असं सांगत जन्माला आला. अशा पेशाने शरीराच्या नेमक्या या भागाला हात लावायला वेळ घेतला, यात नवल नाही.

तरी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये १९१२ साली फेअरबेर्न नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने मिनी रॅन्डेल यांना सांगितलं, बाळंतिणींसाठी व्यायाम बसवा. त्या काळी बाळंतीण बरेच दिवस पलंगावरच असायची. रॅन्डेल नर्सही होत्या, सुईणही, आणि व्यायाम शिकवणाऱ्याही. पुढे याच हॉस्पिटलात एक भन्नाट बाई शिकायला आली: मार्गारेट मॉरिस. ही मुळात नर्तकी. अनवाणी नाचणारी, स्वतःची नृत्यशाळा चालवणारी. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने फिजिओथेरपीची परीक्षा दिली. १९३६ मध्ये तिचं बाळंतपण आणि ऑपरेशननंतरच्या व्यायामांवरचं पुस्तक आलं. त्यात लघवीवरचा ताबा सुटू नये म्हणून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं आणि सैल सोडणं, दोन्ही सांगितलंय. दोन्ही! नाचणाऱ्या माणसाला हे कळतं. जो स्नायू सोडता येत नाही, तो पुढच्या ठेक्याला पुन्हा आवळणार कसा?

केगेलच्या बारा वर्षं आधी एका नर्तकीने हे लिहून ठेवलं, आणि तिचं नाव कुठल्याही ॲपवर नाही. असो.

आता येतो आपला मुख्य माणूस. आर्नल्ड केगेल, लॉस एंजेलिसमधले स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्यासमोर यायच्या त्या बाळंतपणानंतर लघवी न थांबणाऱ्या बायका. त्या काळातलं मुख्य उत्तर शस्त्रक्रिया. हॉवर्ड केली यांनी १९१० च्या दशकात टाके घालण्याची पद्धत आणली होती, त्याचे नाना प्रकार चालू होते. पण काही बायकांची तक्रार ऑपरेशननंतरही परत यायची. केगेल यांचा मुद्दा साधा होता: टाका तुम्ही कितीही सुबक घाला, आजूबाजूचा स्नायू वापराविना वाळलेला असेल तर टाका काय करणार?

बरं, स्नायू वाळलाय हे तपासायचं कसं? इथे केगेल यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, ते बोटाने तपासायचे, आणि बाईला तिथेच सांगायचे की हा तो स्नायू, आता हा आवळा. बऱ्याच जणींना तो सापडायचाच नाही. आपण कान हलवायला जातो आणि भुवया हलतात, तसं. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं यंत्र, पेरिनिओमीटर. नाव अवघड, वस्तू सोपी. योनिमार्गात ठेवायची रबराची हवा भरलेली नळकांडी, तिला ट्यूब, आणि ट्यूबच्या टोकाला रक्तदाब मोजायच्या यंत्रासारखा डायल. स्नायू आवळला की हवा दाबली जाते आणि काटा हलतो. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये.

हा काटा सर्वांत महत्त्वाचा. कारण ज्या बाईला आपल्याला तिथे स्नायू आहे हेच जाणवत नव्हतं, तिला तो काटा अगदी किंचित थरथरताना दिसायचा. मेंदूला पुरावा मिळाला. मग काल काटा इथे होता, आज थोडा पुढे. केगेल यंत्र घरी द्यायचे: दिवसातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटं.

१९४८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजीमध्ये त्यांचा गाजलेला लेख आला. त्याच्या शीर्षकात 'प्रोग्रेसिव्ह रेझिस्टन्स' असे शब्द आहेत. जिमला जाणाऱ्यांच्या कानाला हे ओळखीचं वाटेल. प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणता ना, त्याचंच हे भावंडं. त्याच काळात थॉमस डेलॉर्म नावाचा अमेरिकी लष्करी डॉक्टर, स्वतः वजनं उचलणारा, दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे हळूहळू वजन वाढवत बरे करत होता. त्याचा लेख १९४५ चा. म्हणजे केगेल सांगत होते ते असं: हाही मांडीसारखाच एक स्नायू आहे. लाज बाजूला ठेवा, वजन वाढवा, नोंद ठेवा.

नंतर त्यांनी लघवीच्या तक्रारीत ८४ टक्के यश मिळाल्याचं सांगितलं. आजच्या निकषांवर तो आकडा जरा जपूनच घ्यावा, तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट नव्हता. पण पद्धत बघा: तपासणी, शिकवणं, मोजणं, पुन्हा तपासणी. व्यायाम हा त्यातला एक भाग.

आणि मग काय झालं? १९४९ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच वर्षी, मार्शल, मार्केटी आणि क्रान्झ या तिघांची नवी शस्त्रक्रिया आली आणि सर्जन मंडळी तिकडे वळली. केगेल यांनी १९५२ मध्ये याच स्नायूच्या लैंगिक सुखातल्या भूमिकेबद्दल लिहिलं, ते मात्र मासिकांनी उचललं. रबरी नळकांडं महाग, अवघड, लाजिरवाणं. ते मागे पडलं. उरलं ते नाव आणि एक सल्ला: 'केगेल करा'. प्रसूतीनंतर घरी सोडताना एक पत्रक आणि तोंडी एक वाक्य. 'लघवी मधेच थांबवून बघा, तोच स्नायू', हे त्यातलंच. स्नायू ओळखायला एखाद वेळा हे ठीक, पण रोजचा व्यायाम म्हणून लघवी अडवत बसू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

तोंडी सल्ल्याने किती भागतं हे १९९१ मध्ये अमेरिकेत रिचर्ड बम्प आणि सहकाऱ्यांनी मोजलं. ४७ बायकांना थोडक्यात तोंडी समजावलं, मग यंत्राने पाहिलं. नीट करणाऱ्या निघाल्या ४९ टक्के. निम्म्याही नाहीत. आणि २५ टक्के बायका असं काही करत होत्या की त्याने तक्रार उलट वाढू शकते, म्हणजे आवळण्याऐवजी खाली जोर देत होत्या. चौघींत एक! मनापासून, नियमाने, रोज चुकीचं. आणि फरक पडला नाही की दोष कुणाला? 'तुम्ही व्यायाम नीट करत नाही.' मग ऑपरेशन.

नॉर्वेच्या कारी बो या फिजिओथेरपिस्टने यावर आयुष्य घातलं. तिच्या गटाचा १९९९ मधला ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला अभ्यास: १०७ बायका, सहा महिने. एका गटाला शिकवून, देखरेखीखाली व्यायाम. दुसऱ्याला विजेचे हलके झटके. तिसऱ्याला योनीत धरून ठेवायची छोटी वजनं. चौथ्याला यातलं काहीच नाही. शिकवलेल्या व्यायामाचा गट सरळ पुढे गेला. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये २००६ पासून पहिला उपाय हाच आहे: निदान तीन महिने, देखरेखीखाली. फ्रान्समध्ये तर बाळंतपणानंतर याची सत्रं सरकारी विम्यातून मिळतात. शस्त्रक्रियेची बाजूही मधल्या काळात डळमळली. अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून बसवायच्या जाळ्या, म्हणजे मेश, त्यांनी अनेक बायकांना कायमचं दुखणं दिलं. २०१९ मध्ये अमेरिकेने अशा वापरासाठी त्यांची विक्री थांबवली. ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाहीये, अनेकींना त्याची गरज असते. पण आधी स्नायू तपासा, हे केगेल यांचं वाक्य सत्तर वर्षांनी पुन्हा ऐकू यायला लागलं.

आता दुसरी बाजू, वेदनेची. माझ्या मते डायल हरवल्याची खरी किंमत इथे मोजली गेली.

१९३७ मध्ये कॅन्सस सिटीमधले गुदविकारतज्ज्ञ जॉर्ज थील यांनी माकडहाडाच्या दुखण्यावर लिहिलं. त्यांचं निरीक्षण: बहुतेक वेळा हाडात काही बिघाड नसतो, त्याला चिकटलेले हे तळाचे स्नायू पेटका आल्यासारखे आवळलेले असतात. उपाय म्हणून ते गुदद्वारातून बोटाने त्या स्नायूंचा मसाज करायचे. आजही त्याला थील मसाजच म्हणतात. १९७७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशाच ९४ रुग्णांची माहिती छापली. जॅनेट ट्रॅव्हेल, केनेडींच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर, त्यांनी डेव्हिड सायमन्ससोबत स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १९९२ च्या दुसऱ्या खंडात पेल्विक फ्लोअरवर अख्खं प्रकरण आहे. म्हणजे माहिती होती. पण ती गुदविकार, सांधे, मूत्ररोग, स्त्रीरोग अशा चार विभागांत विखुरलेली, आणि कुणी कुणाचं वाचत नव्हतं.

दरम्यान जगाला या भागाचा एकच व्यायाम ठाऊक होता: आवळा. ज्याचा स्नायू आधीच मुठीसारखा वळलाय त्याला सांगायचं, आणखी आवळा!

पुरुषांचं तर आणखी विचित्र. जांघेत, वृषणांच्या मागे, लघवीनंतर दुखतं म्हटलं की निदान 'प्रोस्टेटायटिस' आणि अँटिबायोटिक्स. खरं तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या वर्गीकरणात १९९५ पासून जिवाणू सापडत नाहीत अशा दीर्घ दुखण्याचा वेगळा प्रकारच केलाय, आणि बहुसंख्य रुग्ण त्यातच मोडतात. माझा एक मित्र, हिंजवडीतच काम करतो, सव्वीस वर्षांचा. आठ महिने गोळ्या. प्रत्येक कल्चर रिपोर्ट स्वच्छ, तरी पुढचा कोर्स. रात्री दोन वाजता इंटरनेटवर वाचून तो केगेल करायला लागला आणि दुखणं दुप्पट झालं. शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे गेला. सेन्सर लावल्यावर स्क्रीनवर रेषा उमटते, आवळलं की वर, सोडलं की खाली. याची खाली येतच नव्हती. त्याला विचारूनच सांगतेय हे. तो म्हणाला, सांग, कुणीतरी मला सांगायला हवं होतं.

स्टॅनफर्डमध्ये मूत्ररोगतज्ज्ञ रॉडनी अँडरसन आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वाइज यांनी अशाच रुग्णांसाठी पद्धत बसवली. वाइज स्वतः वर्षानुवर्षं हे दुखणं सोसलेले. २००५ मध्ये त्यांनी १३८ पुरुषांचे अनुभव छापले: गाठींवर हाताने उपचार, आणि सोबत सैल सोडायला शिकणं. तुलनेचा गट इथेही नव्हता. तो आला २०१२ मध्ये, मेरी पॅट फिट्झगेराल्ड यांच्या अभ्यासात. मूत्राशयाच्या दीर्घ दुखण्याच्या ८१ बायका. निम्म्यांना सर्वांगाचा साधा मसाज, निम्म्यांना पेल्विक फ्लोअरच्या स्नायूंवर नेमका उपचार. बरं वाटल्याचं सांगणाऱ्या पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात ५९.

आता तुम्ही म्हणाल, यात आपलं काय? 'मूलबंध आपल्याकडे आधीच होता' असा मेसेज कुणीतरी पाठवणारच, म्हणून तेही बोलू. होय, पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत मूलबंध आहे: टाचेने शिवणीची जागा दाबून गुद आकुंचित करायचं आणि अपान वर ओढायचा. पण हेतू साधनेचा, बाळंतिणीच्या लघवीचा नव्हे. दोन्हींत एक स्नायू येतो म्हणून दोन्ही एक होत नाहीत. मला त्याहून आवडते लोणावळ्याची गोष्ट. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' नियतकालिक सुरू केलं. नौली करताना मोठ्या आतड्यात काय होतं हे त्यांनी नळी आणि दाबमापक लावून मोजलं, आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे दाखवलं. केगेल यांच्या डायलच्या २४ वर्षं आधी, लोणावळ्यात, ओटीपोटातला काटा वाचला जात होता! कुणी कुणाकडून घेतलं असं नाही. पण श्रद्धेच्या गोष्टीलाही मापक लावण्याची ती वृत्ती मला फार मोलाची वाटते.

पुढे मात्र आपल्याकडे सूत्र तुटलेलंच राहिलं. फिजिओथेरपीचं शिक्षण मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३ साली सुरू झालं ते पोलिओच्या साथीमुळे, म्हणजे लक्ष हातापायांवर. अंग बाहेर येण्यावर मुंबईचे शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या शस्त्रक्रिया जगभर नावाजल्या गेल्या. दोन्ही कामं मोठी. पण मधला दुवा, स्नायू तपासून शिकवणारं माणूस, तो बराच काळ नव्हता. आणि मुळात बाई तपासायला येतच नव्हती. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापली. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास मुख्यतः जंतुसंसर्ग आणि पाळीच्या तक्रारींचा, पेल्विक फ्लोअरचा नव्हे. पण जिथे तपासणीच होत नाही तिथे कुठला काटा हलणार?

आज पुण्या-मुंबईत यातलं खास शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट भेटतात. 'पेल्विक हेल्थ' किंवा 'विमेन्स हेल्थ फिजिओ' असं शोधा. पुरुषांनीही शोधा, आणि आधी फोन करून विचारा की पुरुष रुग्ण घेता का. लघवीत रक्त, ताप, किंवा मांड्यांच्या आतला भाग अचानक बधिर होणं असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टर, लगेच.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ प्रश्नांतच जातो: पाणी किती पिता, किती वेळ बसता, बाळंतपण कसं झालं, कधी दुखतं. आतून तपासणी करायची असेल तर आधी समजावून, विचारूनच करायला हवी. नाही म्हणता येतं, मधेच थांबवताही येतं, सोबत कुणाला नेता येतं. नकोच असेल तर पोटावरून सोनोग्राफी करून मूत्राशयाचा तळ उचलला जातो का हे पडद्यावर बघता येतं. लग्न न झालेल्या मुली विचारतात म्हणून मुद्दाम सांगतेय. आणि तिथे गेल्यावर एक प्रश्न तुम्ही विचारा, व्यायामाचा तक्ता हातात घेण्याआधी: माझा स्नायू सैल आहे की आवळलेला?